इयत्ता तिसरी, तुकडी ब

गुरुवारी साडेसातला वर्ग उघडते मी.
किल्ली खरमाळे बाईंनी दिली, एका अटीवर:
फळ्यावरचा सुविचार पुसायचा नाही.
पुसत नाही. वाचतही नाही कुणी.

मोठी माणसं, बाक तिसरीच्या पोरांचे.
गुडघे खाली मावत नाहीत,
म्हणून सगळे आडवे बसतात
एसटीत मांडीवर बोचकं घेऊन बसल्यासारखे.
भिंतीवर एकोणतिसाचा पाढा.
दगडू पाटोळे दर गुरुवारी तो पुटपुटतो
आणि पाचावर अडकतो.
म्हणतो, दारूला कशाला दोष देऊ,
हे मला तेव्हाही येत नव्हतं.

चहा काशेवाडीच्या बचत गटाचा.
नव्या माणसाला सायराबी अर्धाच ग्लास देते.
हे तिला कुणी शिकवलेलं नाही.
तिच्या घरात एक होता,
भरलेला ग्लास त्याच्या तोंडापर्यंत
कधी भरलेला पोचला नाही.

दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत, वयाने लहान.
विचारतात, किती वर्षं, दिवसाला किती.
लिहून घेतात, गोळ्या देतात,
आणि एका चिठ्ठीवर: यांच्याशी बोला.
यांच्याशी म्हणजे माझ्याशी.
शिक्का नसतो त्यावर.

मी किती ते विचारत नाही.
मी विचारते, लपवायचीस कुठे?

तिथे माणूस पहिल्यांदा वर बघतो.
कुणी म्हणतं स्कूटरच्या डिकीत,
कुणी म्हणतं पोराच्या जुन्या बुटात.
माझी इस्त्रीच्या गठ्ठ्यात असायची,
लोकांच्या शर्टांच्या मधोमध.
खोकल्याचं औषध, लाल, गोड.
एकदा बूच सैल राहिलं,
वकीलसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडला.
मी म्हटलं पान खाल्लं असेल तुम्हीच.

पुरुषाला बायको धरून आणते,
आई आणते,
तालमीतली पोरं खांद्यावर टाकून आणतात.
मला कुणी आणलं नव्हतं.
गटात साखरेची पाळी माझी होती.
दोन किलो साखर ठेवायला आले,
पिशवी टेबलावर ठेवली
आणि शेवटच्या बाकावर टेकले, पाय दुखतायत म्हणून.
तिसऱ्या गुरुवारी सायराबीने विचारलं,
साखर तर संपली नाही अजून, का येतेस?
मी रडले नाही. मला राग आला तिचा.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचंही सांगते.
चिठ्ठीशिवाय मला चार वर्षं त्यानेच बाटल्या दिल्या.
आता तोच फोन करतो.
ताई, एक येते रोज,
तुमच्यासारखीच सुट्टे पैसे मोजते, मान खाली घालून.
आज नाही म्हटलं तिला. तुम्ही बघा.
त्याला माफ केलं का, विचारू नका.
माझी उधारी त्याच्या वहीत अजून आहे,
साडेसातशे.
तो मागत नाही, मी देत नाही,
पण त्याचा फोन आला की
तव्यावरची पोळी टाकून उचलते.

आज ती आली.
पोलीस लाईनच्या मागे राहते म्हणाली, नाव नाही सांगितलं.
पर्स पोटाशी धरलेली.
अर्धा ग्लास दोन्ही हातांनी.
लपवायचीस कुठे, हे मी विचारायच्या आधीच म्हणाली,
मला तसलं काही नाही हो,
मला खोकला आहे.

दगडू पाढ्याकडे बघत राहिला.
सायराबीने टोपाखालची आच कमी केली.

मी म्हटलं, मलाही होता.
चार वर्षं.

ती हसली नाही. उठलीही नाही.
साडेआठ झाले तेव्हा ग्लास विसळायला माझ्याबरोबर नळावर आली,
पर्स काखेत दाबून,
आणि एकेक ग्लास पदराने पुसत राहिली
फार वेळ,
तो कधीचा कोरडा झाला तरी.
खाली वॉचमन शिट्टी वाजवत होता.
मी किल्ली हातातच धरून थांबले.